तीन दिवसांचे पालकत्व

दोन-तीन दिवसांसाठी परगावी निघणाऱ्या माणसाला घराची चिंता फारशी नसते. गोठ्याची आणि खुराड्याची असते. दाराला कुलूप लावता येते, भुकेला लावता येत नाही. आमचे बपेरा तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत. येथल्या अनेकांच्या सोयरिकी पलीकडे बालाघाटकडे. त्यामुळे लग्नसराईत हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

गेल्या मार्गशीर्षात शेजारच्या मावशींना भाचीच्या लग्नासाठी वारासिवनीला जायचे होते. त्यांच्या कोंबडीला मुंगसाने नेले होते आणि मागे आठ दिवसांची नऊ पिले उरली होती. मावशी एकट्या. धानाच्या मजुरीखेरीज हाती येणारा रोख पैसा काय तो कोंबड्यांचाच. ‘‘तीनच दिवस पाहाल का जी बाई?’’ एवढेच त्या म्हणाल्या.

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांचे म्हणणे शास्त्राला सोडून नव्हते. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ येते आणि कोंबडे पाळणेही त्यातच मोडते. मामंजींनी तत्त्वार्थसूत्र पुढे केले. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांतला शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जिवाचे अन्नपाणी रोखणे. ‘‘पण ती आपली आश्रित कुठे आहेत?’’ सासूबाईंनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. आपण हो म्हणेपर्यंत ती आपली नव्हतीच. मामंजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आपण रामटेकला शांतिनाथांच्या दर्शनाला जातो, तेव्हा आपली गाय कोण पाहते?’’ वाद काही सुटला नाही. खोके मात्र ओसरीवर आले.

पिलांपुढे तीन दिवसांची कनकी ओतून आणि परातभर पाणी ठेवून निघून जावे, असे पुष्कळांना वाटते. हा हिशेब माणसाचा आहे, पिलाचा नव्हे. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी, एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोनेक दिवस अन्नपाण्यावाचून काढू शकते. याच भरवशावर १९१८ साली अमेरिकेच्या टपालखात्याने एक दिवसाची पिले टपालाने नेण्यास सुरुवात केली. आठ दिवसांच्या पिलाकडे मात्र ती शिदोरी उरलेली नसते. ते पाण्यात विष्ठा करते, भांडे उलटवते, भिजलेल्या तणसावर बसून गारठते. ओल राहिली की रक्ती हगवणीचा रोग बळावतो. उथळ भांड्यातही ते बुडून मरू शकते; म्हणून पाण्यात खडे टाकून ठेवावे लागतात. थोडक्यात, मागे धान्य ठेवून भागत नाही, माणूस ठेवावा लागतो.

त्याहून अवघड काम उबेचे. पहिल्या आठवड्यात पिलाला सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी केली तरी चालते. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या रात्री चांगल्याच बोचऱ्या. खोक्यावर दिवा टांगला आणि दिव्याभोवती किडे येऊ नयेत म्हणून बारीक जाळी बांधली. तापमापक नव्हता, त्याची गरजही पडली नाही. पिले दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढली तर थंडी आहे. चोच उघडी टाकून कोपऱ्यात सरकली तर उकाडा आहे. सगळीकडे पांगून झोपली तर ठीक. वीज गेली तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवली. एका रात्रीत तिचे पाणी तीनदा बदलावे लागले. दोन वेळा मी उठले. तिसऱ्यांदा जाग आली तेव्हा बाटली अगोदरच ऊन होती आणि सासूबाई ओसरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आम्ही दोघी काही बोललो नाही.

मावशींनी जाताना वारुळाची माती फुटक्या मडक्यात आणून ठेवली होती. पिलांना उधई दिली की ती जोमाने वाढतात, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे आणि तो खोटा नाही. वाढत्या पिलाला खाण्यात पंचमांश तरी प्रथिने लागतात. तांदळाच्या कनकीत त्याच्या निम्मीही नसतात. पण एकाला जगवायला दुसऱ्यांना मारणे आमच्या हातून होणार नव्हते. ते मडके सायंकाळी होते तसेच बांधावर नेऊन ठेवले. कनकीत भाजलेल्या चण्याचे पीठ आणि शेंगदाण्याचा बारीक कूट मिसळला. पिलांनी तक्रार केली नाही.

चौथ्या दिवशी मावशी परतल्या. त्यांनी खोक्यात हात घालून पिले मोजली. नऊच्या नऊ होती. पिशवीतून त्यांनी चिन्नोर तांदूळ काढून दिला. ही पिले कशासाठी वाढायची आहेत, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हालाही. त्या विषयावर सासूबाईंनी काही विचारले नाही, मावशींनीही काही सांगितले नाही. त्या पैशांतून मावशींच्या घरावर नवी कौले चढायची होती, हे मला नंतर कळले.

फाल्गुनात त्या पुन्हा दोन दिवसांसाठी निघाल्या. आता खुराड्यात पाचच होती, चांगली वाढलेली. सासूबाईंनी ती एकदा मोजली, पुन्हा मोजली आणि कनकीचे मडके काढायला आत गेल्या.