पातेरा झाडायला काश्मीरला

"पानगळ बघायला कुणी विमानानं जातं का? आपल्या वाडीत रोज सकाळी पातेरा झाडतेच की मी!" काश्मीरचं नाव काढताच अम्मींनी विषय संपवला.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रत्नागिरीकडच्या आमच्या घराभोवती आंबा, फणस, काजू. वर्षभर काही ना काही गळतच असतं. पण खरं कारण वेगळं होतं. अब्बांनी तीस वर्षं आखातात नोकरी केली. परत आल्यावर दोघांनी मिळून काश्मीर बघायचं, असं ठरलेलं होतं. ते आले, आणि आजारपण घेऊनच आले. त्यांच्यामागे दोन वर्षं अम्मी गावाबाहेर पडल्या नव्हत्या. गुडघे दुखतात, कोंबड्या कोण बघणार, अशी कारणं तयारच असत. शेवटी नातीनं हट्ट धरला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं श्रीनगरला उतरलो.

काश्मिरी लोक या ऋतूला 'हरूद' म्हणतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चिनार आधी पिवळा, मग केशरी आणि शेवटी तांबूस लाल होत जातो. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की पानात नवं हरितद्रव्य तयार होणं थांबतं. ते ओसरलं की आतला मुळचाच पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र पानातल्या साखरेपासून याच दिवसांत नव्यानं तयार होतो. नातीला हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "म्हणजे मशिदीजवळच्या आपल्या बदामासारखंच की!" खरंच, कोकणातला देशी बदामही गळण्याआधी असाच लाल होतो. इतकी वर्षं त्याखालून ये-जा करूनही आमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक टॅक्सी ठरवून दक्षिणेकडे निघालो. पांपोरला केशराची शेतं रस्त्याला लागूनच आहेत. जांभळी फुलं पहाटेपासून वेचतात. एका फुलात लाल तंतू फक्त तीन; ग्रॅमभर सुक्या केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. हिशेब ऐकून अम्मींनी बिर्याणीत चिमूटभर केशर टाकणाऱ्या सुनेकडे एकदा बघून घेतलं!

पुढे बिजबेहाडा. झेलमच्या काठच्या पादशाही बागेत जुने चिनार आहेत. एका बुंध्याला आम्ही चौघांनी हात लावून पाहिले, तरी वेढा पुरा होईना. अनंतनागनंतर अच्छाबलची मोगल बाग आणि कोकरनागचा झरा करत गाडी डकसुमकडे वळली. ब्रेंगी नदीच्या कडेकडेनं रस्ता चढतो. दोन्ही बाजूंना पिवळेधमक पॉपलर, अक्रोड आणि विलो. वरच्या अंगाला देवदार-पाइनचा गर्द हिरवा. डकसुमला गाडी सोडून आम्ही नदीकाठानं चालायला लागलो. अम्मींच्या गुडघ्यांसाठी दर दहा मिनिटांनी थांबायचं ठरलं होतं. पण थांबायची आठवण आम्हालाच करून द्यावी लागली. खाली पानांचा थर, आवाज फक्त पाण्याचा. तिथंच चटई पसरून जुहरची कसर नमाज अदा केली.

तिसरा दिवस नसीम बागेचा. हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात मोगल काळातली ही बाग आहे. निशात आणि शालिमारसारखी कारंजी इथं नाहीत. नुसते चिनार, रांगाच्या रांगा. इथं पायीच हिंडायचं. उन्हं तिरपी असताना सारी बाग आतून दिवा लावल्यासारखी दिसते.

एका कोपऱ्यात फेरन घातलेली वयस्क बाई पानं झाडत होती. अम्मींनी सलाम केला आणि दोघी मोडक्यातोडक्या उर्दूत बोलू लागल्या. ही पानं जाळून, वर पाणी शिंपडून विझवतात. तो कोळसा थंडीत कांगडीत भरतात. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीतली मातीची शेगडी. फेरनच्या आत धरून हिवाळा काढायचा. अम्मींनीही सांगितलं, आमच्याकडे पातेरा भाताच्या रोपांसाठी भाजावळीला लागतो. मग त्या बाईनं विचारलं, "साहेब बरोबर नाही आले?" अम्मी क्षणभर गप्प राहिल्या. "यायचे होते," एवढंच म्हणाल्या. त्या बाईनं दुआसाठी हात उचलले. अम्मींनीही उचलले. नंतर अम्मींनी तिच्या हातातला झाडू घेतला आणि ढीगभर पानं गोळा करून दिली. आम्ही लांब बाकावर बसून राहिलो. अब्बा गेल्यानंतर त्यांना कुणाशी इतका वेळ बोलताना आम्ही पाहिलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सकाळ-संध्याकाळ चांगलीच थंडी असते, स्वेटरवर भागत नाही. डकसुमला पहाटे निघा, कारण अंधार लवकर पडतो. आणि घरात वडीलधारं माणूस "आता मला काय बघायचंय" म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. पुढच्या वर्षी म्हणत आम्ही एकदा फार उशीर केला आहे.

परवा अम्मींचा गावाहून फोन आला. "बदाम लाल झालाय. अजून झाडलं नाही. पोरीला घेऊन या, मग झाडते."