लिव्हर उत्तम होते

नोएडातील त्या निवृत्त गृहस्थांच्या खणात दहा वर्षांचे रक्ततपासणीचे अहवाल तारीखवार लावलेले होते. मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीला आले आणि तिकडचेच झाले. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, म्हणजे 180 मिलिलिटर व्हिस्की, पाणी वा सोडा न घालता. सोबत दोन-तीन सिगारेटी. दर जानेवारीत लिव्हरची तपासणी होई. अहवाल चांगला आला की वर्षभराची निश्चिंती.

एका हिवाळ्यात ज्वारीच्या भाकरीचा घास छातीत अडकला. कोरड्या हवेला दोष देऊन ते वर पाणी प्यायले. मग भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले, पुढे केवळ मऊ भात, शेवटी वरणाचे पाणी. कपडे सैल झाले, तेव्हा पत्नीने हट्टाने दुर्बिणीची तपासणी करायला लावली. बायोप्सीत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. दारूविषयी विचारताच ते म्हणाले, "पण डॉक्टर, माझे लिव्हर उत्तम आहे."

ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी पहारा चुकीच्या दारावर बसवला होता.

अन्ननलिका ही सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. मद्यातील इथेनॉलचे शरीरात प्रथम अॅसिटाल्डिहाइड होते. तोंडातील जिवाणूही ते तयार करतात आणि लाळेबरोबर ते खाली उतरते. हे रसायन पेशींच्या डीएनएला इजा करते आणि ती इजा दुरुस्त होण्यात अडथळा आणते. कडक दारू आतल्या नाजूक अस्तराला थेटही दुखावते. त्या जखमी अस्तरातून तंबाखूतील विषे सहज आत शिरतात. पाणी मिसळल्याने घशाची जळजळ कमी होते. पोटात जाणारे इथेनॉल मात्र तेवढेच राहते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. त्याआधी 1977 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या 200 रुग्णांच्या अभ्यासातून दिसले होते, की दारू आणि तंबाखू एकत्र आल्यावर धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. 2015 मध्ये 572 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला 50 ग्रॅमहून अधिक इथेनॉल घेणाऱ्यांना अन्ननलिकेच्या स्क्वॅमस प्रकारच्या कर्करोगाचा धोका न पिणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट असल्याचे त्यात आढळले. भारतात याच प्रकाराचे रुग्ण अधिक. येथील व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असते. म्हणजे त्या गृहस्थांच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम इथेनॉल होते. कडक बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीतही सुमारे 40 ग्रॅम असते, त्यामुळे 'मी फक्त बिअर घेतो' या समाधानालाही फारसा आधार उरत नाही.

2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कर्करोगाचे सुमारे 70 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 66 हजार मृत्यू झाले. दोन आकडे इतके जवळ असण्याचे कारण उशिरा होणारे निदान. नळी लवचिक असल्याने बरीच अरुंद होईपर्यंत ती तक्रार करत नाही. तिला बाहेरचे संरक्षक आवरणही नसते. म्हणून गाठ शेजारच्या अवयवांत लवकर पसरते.

आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. मद्याच्या बाटलीवर 2019 पासून सक्तीचा झालेला इशारा आरोग्यास हानी होते आणि पिऊन वाहन चालवू नये, एवढेच सांगतो. त्यात कर्करोग हा शब्द नाही. त्या गृहस्थांनी दोन्ही सूचना पाळल्या होत्या: गाडी कधी पिऊन चालवली नाही आणि आरोग्य दरवर्षी तपासून घेतले.

दारू कमी केल्याने वा सोडल्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका घटतो, याचे पुरेसे पुरावे असल्याचे त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने 2023 मध्ये मान्य केले. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. अचानक बंद केल्यास फिट येण्याचा धोका असतो. आणि घास वारंवार अडकू लागला, तर पाण्याचा घोट घेऊन तो विसरू नये; दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

त्या गृहस्थांचे रेडिएशन आता सुरू आहे. अहवालांच्या गठ्ठ्यात बायोप्सीचा कागद त्यांनी स्वतःच सर्वांत वर लावला. भेटायला आलेल्या जुन्या सहकाऱ्यांना ते हल्ली लिव्हरविषयी विचारत नाहीत. जेवताना घास नीट उतरतो ना, एवढेच विचारतात.