कोणत्या रस्त्याने आलात?

नागपूरबद्दल कुणी ठाम मत सांगू लागलं की मी आधी विचारतो, शहरात कोणत्या रस्त्याने शिरलात? वर्धा रोडने आलेल्याला जामठ्याचं स्टेडियम, मिहान आणि मग तो 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल दिसतो. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. 2022 मध्ये गिनीज बुकात गेलेला. तो माणूस म्हणणारच, काय सुधारलं हो नागपूर! तोच भंडारा रोडने पारडीकडून आला असता, तर ट्रक, गोदामं आणि धूळ पाहून त्याने तोंड वाकडं केलं असतं.

छिंदवाडा रोडने येणाऱ्याला तर नागपूरच्या आधी कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. शहरातली एकही इमारत त्यांच्याएवढी उंच नाही. म्हणजे नागपूरच्या आभाळातली सगळ्यात उंच गोष्ट महापालिकेच्या हद्दीबाहेर उभी आहे. वीज सगळ्या महाराष्ट्राला, राख आसपासच्या गावांना. 2022 च्या पावसाळ्यात या केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख शेतांत आणि नदीत उतरली. शहराच्या चकचकीत जाहिरातींत या चिमण्या कधी येत नाहीत.

जाहिरातींत पूल असतो, मेट्रो असते, दीक्षाभूमीचा स्तूप असतो. स्तूपाची उंची 120 फूट, आजच्या टॉवरांपुढे काहीच नाही. पण ऑक्टोबरात अशोक विजयादशमीला तिथे लोटणारी गर्दी उंची मोजायला येत नाही. नागपूरच्या आभाळात ज्याला खरोखर अर्थ आहे, असं मला हे एकच शिखर वाटतं. बाकीचं बांधकाम.

आणि ज्यांना शिखर नाही, ते शहराच्या कडेचे बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा? काल जिथे तूर होती तिथे आज चार दगड रोवून लेआऊट पडलंय. दलाल सांगतो, "भाऊ, विमानतळ दहा मिनिटांवर." शहाणा गिऱ्हाईक विचारतो, "आरएल आहे का?" म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं रिलीज लेटर. घर होतं, रस्ता मात्र मुरमाचाच राहतो, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हुडकेश्वर-नरसाळा 2013 मध्ये महापालिकेत आलं. बेसा त्यानंतरही कितीतरी वर्षं ग्रामपंचायतच होतं. तरी लग्नपत्रिकेवर पत्ता सगळे नागपूरचाच छापतात, आणि त्यात खोटं काही नाही. शहरातल्या जुन्या धरमपेठेतल्या लोकांना मात्र बेसा अजून 'तिकडे लांब' वाटतं, त्यांचीच मुलं तिथे फ्लॅट घेत असली तरी.

शहर वाढतंय ते या कडेला. मत मात्र बनतं पुलावरून जाताना, गाडीच्या काचेतून. पूल वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही त्यावरूनच जातो. पण नागपूर कसं आहे ते ठरवायचं असेल, तर एकदा हुडकेश्वर रोडने आत या. आणि शक्यतो पावसाळ्यात या.