पडद्यांची सरहद्द

संगणकाच्या पडद्यावर अक्षरे व चौकटी यथाप्रमाण उमटवण्याच्या ज्या व्यवसायात माझी हयात गेली, त्यात पिक्सेल हेच लांबीचे अखेरचे माप होय असा समज दीर्घकाळ रूढ होता. आणि टेबलावर एकच मॉनिटर होता तोवर त्यामुळे कोणाचे अडलेही नाही. परंतु २४ इंची फुल एचडी पडद्यावर इंचागणिक सुमारे ९२ पिक्सेल बसतात, तर शेजारच्या २७ इंची फोर-के पडद्यावर सुमारे १६३. सबब दुसऱ्याला पावणेदोनपट, म्हणजे १७५ टक्के, प्रमाण दिले तरच दोन्हीकडील अक्षर जवळजवळ सारखे भरते.

विंडोजमध्ये प्रत्येक पडद्याचे प्रमाण स्वतंत्र मानण्याची तजवीज २०१३ साली, ८.१ या आवृत्तीत झाली. खिडकीचा अधिक भाग सरहद्दीपलीकडे गेला, की तिला नव्या प्रमाणाची वर्दी आणि त्यास अनुरूप आकाराची सूचना मिळते. जो प्रोग्राम ही वर्दी घेतच नाही, त्याची खिडकी छायाचित्रासारखी ताणून दाखवली जाते व अक्षरे धुरकट होतात. जो वर्दी घेतो परंतु सूचना डावलतो, त्याची खिडकी आकार बदलताच पुन्हा जुन्या पडद्याकडे अधिक झुकू शकते, आणि मग या हद्दीतून त्या हद्दीत तिचे हेलकावे सुरू होतात.

खरी कसोटी मात्र अपूर्णांकांची आहे. एक पिक्सेल जाडीच्या शिरोरेषेच्या वाट्याला पावणेदोन पिक्सेल आले, तर उरलेला पाऊण भाग करड्या छटेने भरावा की पूर्णांक धरावा, हा निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच घ्यावा लागतो. आणि प्रत्येक अक्षराची रुंदी स्वतंत्रपणे पूर्णांकात बसवली, तर एकाच शब्दाची शिरोरेषा कोठे तुटते, कोठे एकावर एक चढून गडद होते. तसेच १०१ पिक्सेलांच्या चौकटीचे १७६.७५ होतात, तेथे अपूर्णांक टाकून १७६ केले आणि परत आणतानाही तेच केले, तर १०० च हाती येतात.

म्हणून मूळ माप दप्तरी अपूर्णांकासह जतन करावे, प्रत्येक पडद्याचा हिशोब त्या मूळ नोंदीवरूनच मांडावा आणि पूर्णांक करणे झाल्यास एकदाच, अगदी अखेरीस, प्रत्यक्ष रंगवताना करावे, हा नियम मी या व्यवसायातील धर्म मानतो. कारण पडदे कितीही बदलले तरी वाचणाऱ्याची दृष्टी तीच असते, आणि अक्षर तिला सारखेच सुवाच्य मिळावे हा तिचा हक्क आहे.