डोक्यावरची जागा

सुतारकाम असो, लोहारकाम असो की गाड्यांची दुरुस्ती, कामाच्या जागेत आधी जमीन संपते आणि मग भिंती. छत आणि माणसाचे डोके यांच्यामधली चार-पाच फुटांची पोकळी मात्र वर्षानुवर्षे कोळिष्टकांच्या ताब्यात राहते. उमरग्याहून नळदुर्गाकडे येताना सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या शेडमधली जी गॅरेजे लागतात, तिथे हे चित्र नेहमीचे आहे. आत जॅक, उतरवलेले गिअरबॉक्स, कमानीचे पाटे आणि तेलाचे डबे यांनी पाय ठेवायला जागा उरलेली नसते, म्हणून दुरुस्तीची गाडी उन्हात उभी असते आणि मिस्त्री तिच्याखाली तापल्या मुरमावर पाठ टेकून पडलेला असतो. सावली असते ती सामानाला.

वर काय चढवावे, हे वस्तूच्या लांबीवरून, वजनावरून आणि ती किती वेळा लागते यावरून ठरते. पाइप, बांबू, लोखंडी पट्ट्या, फळ्या, जुने सायलेन्सर, ट्यूबा हे वरचे सामान. रोज लागणारा पाना वर ठेवला, तर तो दुसऱ्याच दिवसापासून जमिनीवर राहू लागतो. इंजिनाचा ब्लॉक वर्षातून एकदा लागत असला, तरी त्याची जागा खालीच. क्वचित लागणारे ते वर, एवढाच नियम धरणारे लोक या दुसऱ्या गोष्टीत फसतात.

शेतकऱ्याला हे कोणी शिकवलेले नाही. तिफणीचे काम मृगात आणि पुढे रब्बीच्या ज्वारीला, मिळून थोड्याच दिवसांचे. बाकीचे वर्ष ती गोठ्याच्या आढ्याला बांधलेली असते. ती बांधण्याचीही रीत आहे. चाडे आणि नळ्या सोडवून वेगळ्या ठेवायच्या, फण काढून घ्यायचे, दांडी भिंतीकडे करायची, म्हणजे खालून जाणाऱ्या बैलाच्या शिंगाला काही लागत नाही. पोकळ बांबूच्या नळ्यांना कीड लवकर लागते, म्हणून त्या चुलीच्या अंगाला टांगल्या तर धुराने टिकतात. बियाण्यासाठी निवडलेली ज्वारीची कणसेही त्याच धुरात लटकत. लाकूड, बांबू आणि बी यांना एकच काळी चकाकी येते. रंग देऊन ती येत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या घरांत आणि त्यांच्या ओसरीवर चालणाऱ्या सुतारकामात डोक्यावर असे ते माळवद. घर किती खणांचे, यावर त्याची पत ठरे. चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर माती. पाणी सहज मुरू न देणारी गावाच्या पांढरीतली माती त्यासाठी आणत. तुळई आणि कड्या यांच्या सांदीत सुताराचे सगळे लांब सामान सरकवलेले असे. बाभळीचा सोट, जू घडवायचे लाकूड, करवतीचे जुने पाते अशा वस्तू त्या उंचीवर कोरड्या राहत आणि सावकाश वाळत. ओले लाकूड उन्हात टाकले तर तडकते. छताखाली वारा मिळतो आणि ऊन लागत नाही, म्हणून माळवदाखालची सांदी लाकूड मुरवायला फार चांगली. उजेड छतातल्या साण्यातून येई आणि काम त्या कवडशाच्या मागे सरकत जाई. माळवदावरही संसार होताच. कुरडया, सांडगे, मिरच्या, गोवऱ्या आणि उन्हाळ्यात झोपणारी माणसे तिथेच. ज्या घराचे छत दोन्ही बाजूंनी वापरात असते, त्याच्याइतके काटकसरीचे घर नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये पोटमाळ्याच्या बंद दारामागे नुसती रिकामी खोकी साठतात.

पण माळवदाचा एक दोष हळूहळू वाढणारा होता. पावसाळ्याच्या तोंडाला छत गळेल या भीतीने वर नवी माती टाकत. जुनी माती काढून टाकण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे एका पिढीत वीतभर असलेला थर पुढच्या पिढीत हातभर होई. घर थंड राही, पाणी अडे, कोणाला तक्रार नसे. एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड टनाहून थोडे अधिक भरते. म्हणजे दोन फूट जाडीचा थर चौरस मीटरला जवळजवळ एक टन, आणि दहा बाय दहा फुटांच्या एका खोलीवर नऊ टन. जुन्या दोन आसांच्या मालट्रकमध्ये साधारण एवढाच माल भरला जाई. माणसे त्याखाली पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त झोपली, कारण सरळ खाली येणारे वजन खांबांना सहज पेलते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी वजन सरळ खाली आले नाही. अनंत चतुर्दशी आदल्या दिवशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा झोपली होती. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ केंद्र असलेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने जमीन आडवी हलवली. जमीन हलली की वरचे वजन जागच्या जागी राहू पाहते, आणि वजन जितके जास्त तितका खालच्या आधाराला बसणारा आडवा हिसका मोठा. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या सास्तूर, होळी, राजेगाव या गावांत आणि पलीकडे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या. त्या भिंती बाहेरून भक्कम दिसत. आत मात्र दोन स्वतंत्र थर आणि मधे खडीमातीची भर होती, दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नव्हता. हिसक्यासरशी थर एकमेकांपासून फाकले. सरकारी आकड्यानुसार लातूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली.

नंतर पाहणीला आलेल्या तज्ज्ञांना एक गोष्ट वेगळी दिसली. अनेक ठिकाणी भिंती पडूनही लाकडाचा सांगाडा, म्हणजे खणाचे खांब आणि तुळया, उभाच होता. सुताराचे काम टिकले होते, गवंड्याचे पडले होते. पण हा निवाडा पुरता खरा नाही. त्या सांगाड्याला कोपऱ्यात तिरपे टेके नव्हते, म्हणून जिथे वरची माती फार होती तिथे खांबही कलंडले. दुरुस्तीसाठी सांगितलेले उपाय साधे होते. माळवदावरची माती वीतभरच ठेवावी आणि गळती रोखायला तिच्यात प्लॅस्टिकचा कागद घालावा. खांब आणि तुळई यांच्यात तिरपे टेके द्यावेत, भिंतीत जोडदगड घालावेत. भूकंपाच्या नकाशात तोवर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात गेला. पण लोकांनी नकाशाची वाट पाहिली नव्हती. दगड आणि माळवद यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. कोणी स्लॅब घातला, कोणी पत्र्यावर भागवले. वाचलेली सागवानी दारे आणि तुळया भंगारबाजारात निघाल्या, आणि त्या भागातली एक फार देखणी बांधकामरीत हळूहळू मागे पडत गेली. माती कमी करून ती वाचवता आली असती, पण ज्यांच्या घरची माणसे तिच्याखाली गेली त्यांच्यापुढे असे म्हणणे सोपे नाही.

डोक्यावरच्या वजनाची उलटी बाजू धाराशिव जिल्ह्यातच नळदुर्गच्या किल्ल्यात आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या सांडव्यांवरून नदी कोसळते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. दगड तिथेही आहे, पण नीट घडवलेला आणि चुन्यात सांधलेला.

आताचे गॅरेज बहुधा लोखंडी कैच्यांवर पत्रा टाकून उभे असते. अशा छताचा हिशोब पत्रा, वारा आणि दुरुस्तीला चढणारा माणूस एवढ्यांचाच केलेला असतो. सामान टांगायचे तर ते कैचीच्या सांध्याजवळ टांगावे. दोन कैच्यांमधल्या पर्लिनच्या मधोमध एकाच जागी वजन लटकवले, तर तेच वजन सारखे पसरल्यावर पडतो त्याच्या दुप्पट ताण पडतो. शक्यतो छताला हात न लावता जमिनीवरून उठणारे अँगलचे चार खांब रोवून सात फुटांवर स्वतंत्र माळा करावा. आडव्या पट्टीपेक्षा उभी पट्टी धरावी, कारण खोली दुप्पट झाली की ताकद चौपट होते. आणि माळवदात जे राहून गेले ते इथे करावे, चारही कोपऱ्यांत तिरपे टेके द्यावेत.

मे महिन्यात पत्र्याखालची हवा भट्टीसारखी असते. रबराच्या ट्यूबा चिकटतात, फेव्हिकॉलचा डबा घट्ट होतो. थिनर, पेट्रोल आणि रंग वर ठेवणे हा तर निव्वळ अविचार. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवण्याची सवय गावोगाव आहे. आकड्यांचे बोल्ट आवळले तर त्या दगडांची गरज पडत नाही, आणि खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावरचा एक धोका जातो. लेथच्या किंवा करवतीच्या थेट वर माळा करू नये. शिडी हलती ठेवण्यापेक्षा एका टोकाला बिजागरीने अडकवलेली बरी, नाहीतर ती दुसऱ्याच कामाला बाहेर जाते आणि माळ्यावरचे सामान वर्षभर विसरले जाते.

नवरात्रापूर्वीच्या झाडलोटीत आणि खंडेनवमीच्या पूजेसाठी हत्यारे खाली येतात, तेव्हाच माळाही पुरता रिकामा करावा. मागच्या खंडेनवमीपासून हात न लागलेला सायलेन्सर, वाकडा बंपर आणि एकच पाटा शिल्लक असलेली कमान भंगारवाल्याला द्यायला हरकत नसते. कॉम्प्रेसर आणि ग्राइंडर यांच्या कंपाने माळ्याचे बोल्ट वर्षभरात ढिले होतात. सामान परत चढवण्याआधी ते आवळून घ्यावेत आणि जो वारंवार ढिला होतो त्याला दुसरा नट लावावा.