समेवरचा धा

तबल्याच्या रियाजाला लेहरा लावून देणारी ॲप आमच्या क्लासात सगळ्यांच्याच फोनवर आहेत. मला हवं होतं ते वेगळं होतं. बोल एकेक करून डोळ्यांना दिसावेत, आणि हवा तो तुकडा उचलून दुसरीकडे ठेवता यावा. म्हणून हुबळीचं ऑफिस आटोपून धारवाडला घरी आलो, की रात्री मी सी भाषेत छोटासा ट्रॅकर, म्हणजे ओळीओळीने आवाज मांडून वाजवणारा प्रोग्रॅम, लिहीत बसायचो.

फाइलीचा साचा घेतला मॉडचा. कार्स्टन ओबार्स्की यांच्या १९८७ च्या अल्टिमेट साउंडट्रॅकरपासून, म्हणजे अमिगा संगणकाच्या दिवसांपासून तो चालत आला आहे. एका पॅटर्नमध्ये ६४ ओळी, चार चॅनेल, प्रत्येक घराला चार बाइट. तीनतालाला हे माप नेमकं बसतं: १६ मात्रा, मात्रेला चार ओळी, पॅटर्न संपला की आवर्तन संपलं. पहिल्या चॅनेलवर तबला, दुसऱ्यावर डग्गा, तिसऱ्यावर लेहरा, चौथ्यावर तानपुरा.

तुकडा निवडायचा म्हणजे दोन कोपरे लक्षात ठेवायचे. माणूस खालून वरही ओढतो, म्हणून लहान-मोठा आकडा आधी लावून घ्यायचा. एका ओळीचे १६ बाइट असतात. तबला-डग्गाच हवा तर पहिले आठ उचलायचे, लेहरा-तानपुऱ्याचे आठ ओलांडायचे आणि पुढच्या ओळीवर जायचं. इथवर सगळं सरळ होतं.

मग तिहाई आली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं. ‘तिटकत गदिगन धा’, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून. संगणक शून्यापासून मोजतो, तेव्हा ती ३२ वी ओळ. आठ ओळींत आठ बोल, नवव्या ओळीवर धा, मग तीन ओळी रिकाम्या. हा बारा ओळींचा तुकडा ४४ वर ठेवला, ५६ वर ठेवला. तिसऱ्या वेळी पॅटर्नमध्ये आठच ओळी उरल्या. शेवटचा धा पुढच्या पॅटर्नच्या शून्याव्या ओळीवर पडायला हवा होता, तो तुटला.

ऐकताना मात्र धा वाजला, कारण पुढच्या आवर्तनात ठेका सुरू होतो आणि त्याचाही पहिला बोल धाच. मला वाटलं, जमलं. सरांना ऐकवलं. ते लगेच म्हणाले, “अरे, हा धा तिहाईचा नाही. ठेक्याचा आहे.” ठेक्याचा आवाज मी ४० वर ठेवला होता, तिहाईचा पूर्ण ६४ वर. सरांनी पडदा पाहिलाही नव्हता.

ओपनएमपीटी या ट्रॅकरमध्ये पेस्ट पुढच्या पॅटर्नमध्ये वाहू देण्याची सोय आहे. तेवढी माझ्याकडे पुरली नसती. ठेक्याचा पॅटर्न एकच असतो आणि वाजवण्याच्या क्रमात तो पुन्हापुन्हा येतो. त्यात तिहाईचा धा लिहिला, तर प्रत्येक आवर्तनाची सम तशीच दणकून वाजणार! म्हणून पेस्ट करण्याआधी आता प्रोग्रॅम १२८ जागांची क्रमयादी तपासतो. पुढचा पॅटर्न आणखी कुठे वापरला असेल, तर त्याची वेगळी प्रत करून फक्त त्या जागी बसवतो आणि धा तिच्यात लिहितो. झपतालात पॅटर्न ३९ व्या ओळीवरच्या उडीच्या आज्ञेने संपतो, तेव्हा शेवट ६३ न धरता ती आज्ञा शोधावी लागते. आणि ‘अनडू’ दाबलं, की दोन्ही पॅटर्न आणि क्रमयादी एकाच फटक्यात मागे यायला हवेत. सध्या तेच लिहितो आहे.