चिखल्याहून अंबागड : एका रजेची गोष्ट

तुमसरहून उत्तरेकडे गोबरवाहीच्या बाजूला गेले की सातपुड्याच्या रांगा जवळ येतात. त्यांच्या पायथ्याशी आमचे चिखला आहे. गाव मँगनीजच्या खाणीचे. पोलाद तयार करायला लागणारा हा जड, काळा दगड इंग्रजांच्या काळापासून येथून निघतो. १९६२ पासून हे काम मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉईल, करते. शेजारची डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. आमची जमिनीखाली. पहिल्या पाळीचा माणूस सकाळी उतरला की ऊन त्याला दुपारीच भेटते. मीही त्यातलाच एक.

मला रजा घेण्याची सवय नव्हती. आजारपण, लग्न किंवा मरण यांशिवाय रजेचा अर्ज लिहायचा नाही, असा माझा नेम होता. उरलेल्या रजेचे पुढे पैसे होतात, घरावर स्लॅब पडेल, मुलीच्या शिक्षणाला लागतील, असा हिशेब. हा हिशेब चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. गरिबाला पैसा लागतोच.

पण एका संध्याकाळी धाकट्याची निबंधाची वही हाती आली. सहाव्या वर्गात ‘आम्ही केलेली सहल’ हा निबंध होता. त्याने चिखलदऱ्याचे वर्णन केले होते. धुके, दरी, घोडा आणि त्याला घोड्यावर बसवून हसणारे बाबा. गुरुजींनी दहापैकी आठ गुण दिले होते. मी विचारले, “हे कधी झालं रे?”

तो म्हणाला, “झालंच नाई, बाबा. पण लिवा तर लागते ना!”

त्या रात्री झोप आली नाही. पोराने लिहिलेला बाप कुठे आणि मी कुठे?

वाचकहो, रजा ही मालकाची मेहेरबानी नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लढा दिल्यानंतर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद-झरिया भागातील कोळसा खाणीत ते स्वतः उतरले होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, कारखान्यातील कामगारांसाठी पगारी सुटीची दुरुस्ती झाली आणि १९४६ साली आठवड्याचे काम ४८ तासांवर आले. खाणींसाठी १९५२ चा कायदा आला. त्यात जमिनीखाली काम करणाऱ्याला दर १५ दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा, असा हिशेब होता. आता नवी श्रमसंहिता आली, तिच्यातही पगारी रजा आहेच. एवढ्या माणसांनी एवढे झगडून मिळवलेला दिवस मी नुसता वहीत जमा करून ठेवत होतो.

मी अर्ज लिहिला. एका दिवसाचा. कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ लिहिले, आणि पहिल्यांदाच ते अगदी खरे होते.

घरी सांगितले तर बायको म्हणाली, “जाऊ ना जी. पण माही सुटी कोण लिवते?” तिचे बरोबर होते. सहलीची शिदोरी करायला पहाटे चारला तीच उठणार, आल्यावर भांडीही तीच घासणार, मग तिची कसली सहल? म्हणून आदल्या रात्री मी मिरच्यांचा ठेचा कुटला, मुलीने पोळ्या लाटल्या, पोराने वांगी चिरली. पोळ्या काही गोल झाल्या नाहीत. पोटात सगळ्या सारख्याच गेल्या.

शेजारचे कुटुंबही तयार झाले. गाडीचा खर्च वाटून घेतला. दिवस थंडीचे होते. धानाची कापणी आटोपलेली, बांध्यांमध्ये लाखोरी हिरवीगार उभी. अंबागड तुमसरपासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजा खान पठाण याने सन १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि तेथे कैदी ठेवू लागले. कैद्यांना विहिरीचे विषारी पाणी पाजीत, अशी गोष्ट या भागात सांगतात.

चढताना मला धाप लागली. खाणीत जड काम करणारा मी, पण डोंगर चढण्याची सवय कुठे होती? पोरे पुढे पळाली. वर बुरुजाजवळ बसलो. तटबंदी पडलेली, भोवती सागाचे जंगल आणि वारा. बायको पाय पसरून, डोळे मिटून तासभर काही न बोलता बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला असे रिकामे बसलेले मी पाहिले नव्हते. पोराने विचारले, “जिथं माणसं कोंडत होते, तिथं आपण फिराले आलो का, बाबा?” मी म्हटले, “होय रे. आणि संध्याकाळी आपल्या मर्जीनं घरी जाऊ.”

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. सकाळी लवकर निघा. प्यायचे पाणी घरून न्या. हौदात उतरू नका, पडक्या भिंतीवर पोरांना चढू देऊ नका. कचरा परत आणा. दारूची बाटली नेणार असाल तर घरीच राहा. त्या दिवसावर बायकापोरांचा हक्क आहे. गड चढवत नसेल तर सीतेकसाचे बावनथडी धरण आहे. थोडा लांबचा बेत असेल तर पवनीला जा. तेथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उजेडात आला.

रजा साठवू नका, असे मी म्हणत नाही. मीही साठवतोच. पण वर्षातून दोन-तीन दिवस तरी लेकरांच्या नावाने खर्च करा. पैसे पुढे मिळतील. सहाव्या वर्गातले पोर पुढच्या वर्षी सातव्यात जाते.

पोराने तो निबंध पुन्हा लिहिला नाही. गुण तर मिळालेच होते. फक्त पुढच्या महिन्यात त्याने भिंतीवरचे कॅलेंडर माझ्यापुढे आणून ठेवले आणि एका तारखेवर बोट ठेवले.